बाजेखालची शेगडी

आज अकोटला धाकट्या बहिणीला शेवटचा निरोप देऊन आले. तिचं बाळ अठरा दिवसांचं आहे. काल ते आजीच्या खोलीत झोपलं होतं, म्हणून वाचलं.

थंडी होती. बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी, दार-खिडक्या बंद. आमच्याकडे असंच करतात.

परवा ती फोनवर म्हणाली, "ताई, डोकं लय दुखून राहिलं, मळमळते. बाहेर ओट्यावर बसली की बरं वाटते. आत गेली की पुन्हा तेच."

मी ओरडले, "वाऱ्यात कायले बसली? आत जाय, दार लावून घे!"

आज डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. बाहेर बरं वाटणं हीच खूण होती.

तुमच्या घरी बाळंतीण असेल तर आत्ता उठा, शेगडी बाहेर काढा, खिडकी उघडा. आणि ती ओट्यावर बसली असेल, तर बसू द्या तिला.