परत पाठवायची पाळी

आमच्यात एक भिकार पद्धत आहे. ती आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चार मैत्रिणी दुपारी बाहेर जेवायला जातो. जागा भारीतलीच पाहिजे. आणि तिथे बसल्यावर एकीनं काहीतरी परत पाठवायचं. सूप कोमट आहे, केक कोरडा आहे, कॉफीला वास येतोय, काहीही. तसं खरंच असायची गरज नाही. पाळी ठरलेली असते, या महिन्यात माझी, पुढच्या महिन्यात तुझी. "परत पाठवल्याशिवाय आपण कोण आहोत हे या लोकांना कळत नाही," असं आमच्या बाईसाहेबांचं म्हणणं. आपण कोण आहोत? एका शाळेत एका बाकावर बसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या चार बायका. बस, एवढंच.

बाईसाहेब म्हणजे आमच्या पुढारी. नवऱ्याचं फरशांचं मोठं दुकान आहे, त्यामुळे कुठल्याही हॉटेलात शिरल्या की त्या आधी खाली बघतात आणि मग नाक मुरडतात. दुसरी होयबा. बाईसाहेबांनी 'गारठा आहे' म्हटलं की हिला हुडहुडी भरते. तिसरी मी. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम चढवायची आणि 'छान दिसतोय हं' म्हणायचं. तीस वर्षांत एकालाही 'नाही शोभत' म्हटलेलं नाही. माझ्या शब्दात किती दम आहे ते यावरून ओळखा.

आणि चौथी भट्टी. हे सगळं तिच्याबद्दल आहे.

भट्टी हे नाव शाळेतलं नाही, नंतरचं. विसाव्या वर्षी ती एका बेकरीत कामाला लागली ती तिथेच राहिली. बुटकी, रुंद खांद्यांची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, गरम ट्रेच्या कडा लागून लागून पडलेले. नवरा गाड्या दुरुस्त करायचा. त्याची कंबर धरली तेव्हापासून तो घरी बसून लोकांचे मिक्सर दुरुस्त करतो आणि बायकोला सल्ले देतो. मुलगी नर्स आहे, ती सल्ले देत नाही, सरळ ओरडते. त्या घरात भट्टी सगळ्यांत कमी बोलणारी. पण पावाचा विषय निघाला की तिला थांबवणं मुश्कील. पीठ हाताला कसं लागलं पाहिजे, भाजलेला पाव पालथा करून बोटानं वाजवला की आवाज कसा पोकळ आला पाहिजे, साल कुठवर तांबूस चांगली आणि कुठे करपली म्हणायची, आत ओलसर का राहतं. आम्ही जांभया द्यायचो.

मग तिच्या बेकरीत यंत्रं आली. पीठ यंत्र मळणार, गोळे यंत्र करणार, भाजणार यंत्र आणि कापणारही यंत्रच. हिला सरकत्या पट्ट्याच्या शेवटी उभी केली. पिशवीचं तोंड नीट बंद झालंय का, एवढं बघायचं. अशी आठ वर्षं गेली. "पावाला हात लावून मला आठ वर्षं झाली," असं ती एकदा जेवताना म्हणाली, तर होयबा म्हणते, "बरंय की मग, हात तरी खराब होत नाहीत." अशा आम्ही मैत्रिणी.

आणि आमचे ते शनिवार, त्यांचं तर काय सांगावं. एका ठिकाणी दगडाच्या पाटीवर जेवण आलं. ताटं संपली होती का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. दुसऱ्या ठिकाणी वेटरनं आम्हाला गाजराची जन्मकथा ऐकवली, कुठल्या शेतात वाढलं, कुठल्या मातीत वाढलं, आणि मग ते गाजर आलं. एकच, तेही उभं कापून अर्धं. बाईसाहेबांनी डोळे मिटून चावलं. होयबानंही मिटले. एका बेकरीत केक काचेच्या पेटीत ठेवून वरून दिवे सोडले होते, आणि काउंटरमागची बाई केकची नावं अशा दबक्या आवाजात सांगत होती की कोणीतरी वारलंय असं वाटावं. आम्ही आधी फोटो काढायचो, मग परत पाठवायचो, मग उरलेलं 'अप्रतिम' म्हणत खायचो. घरी गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून पोटभर जेवायचे.

माझी पाळी आली की मी चमचा परत पाठवायचे. डाग आहे म्हणायचं, वेटर दुसरा आणतो, विषय संपला. कोणाचं काही जात नाही. मला या प्रकाराची शिसारी येते, असं मी स्वतःला बजावायचे आणि पुढच्या शनिवारी नटूनथटून हजर व्हायचे. भट्टीची पाळी आली की ती मात्र सरळ म्हणायची, "मला नाही जमायचं. आत कोणीतरी राबलेलं असतं." मग तिची पाळीही बाईसाहेब घ्यायच्या आणि त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जायचे.

या वर्षी एकानं शहरात नवी बेकरी काढली. पुढे जेवायची टेबलं, मागे खरी विटांची भट्टी, सगळं काम हातानं. त्याला पाव करणारं मुख्य माणूस हवं होतं. आमची भट्टी साठलेली सगळी रजा काढून गेली. मालकानं दोघांना ठेवून घेतलं, एक ही आणि एक हॉटेलातून आलेला माणूस. महिनाभर काम बघून एकाला घेणार. त्याची बघायची रीतही निराळी. कसं वाटलं असं तो गिऱ्हाइकाला कधी विचारायचा नाही. लोक तोंडावर गोड बोलतात, असं त्याचं ठाम मत. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून परत आलेली ताटं बघायचा. काय संपलं, काय उरलं, काय नुसतं चावून टाकलं. महिना संपत आला तरी दोघांत डावं-उजवं करता येईना. तेव्हा तो म्हणाला, परीक्षेच्या शेवटच्या शनिवारी हवं तर आपापली माणसं जेवायला बोलवा, पण पाव कोणी केलाय हे त्यांना कळता कामा नये. त्यांची ताटं बघून मी ठरवतो.

भट्टी त्रेपन्न वर्षांची आहे. इथे नाही जमलं तर पुन्हा पिशव्यांची तोंडं, थेट निवृत्तीपर्यंत. हे सगळं मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला नीट दिसेल.

तिचा नुसता फोन आला. "या खेपेची जागा मी सांगते. तुम्ही बसून घ्या, मला यायला उशीर होईल." तिनं आजवर कधी जागा सांगितली नव्हती. बाईसाहेबांचा पारा चढला, पण जागा नवी आहे, महाग आहे आणि त्यांच्या जावेनं अजून पाहिलेली नाही म्हटल्यावर लगेच उतरला.

एक गोष्ट भट्टीला माहीत नव्हती. आदल्या महिन्याच्या शनिवारी ती आली नव्हती, कामाची परीक्षा चालू होती ना. त्या दिवशी बाईसाहेबांनी नवा नियम काढला. "यापुढे चमचा-बिमचा चालणार नाही. खायचीच वस्तू परत गेली पाहिजे." रोख माझ्यावर होता. होयबा म्हणाली, "बरोबरच आहे." आणि मी म्हणाले, "बरं." एवढाच माझा बाणेदारपणा.

तर त्या शनिवारी आम्ही तिघी जाऊन बसलो. बाईसाहेबांनी फरशी बघितली, फरशी झकास होती, म्हणून मग त्यांनी छताला नाक मुरडलं. वेटरनं सगळ्यांत आधी टोपली आणून ठेवली. कापडात गुंडाळलेला अख्खा पाव, जाड सालीचा, अजून गरम. मी एक तुकडा तोडून खाल्ला. चांगला होता. चांगला म्हणजे काय, मी दुसरा तुकडा घ्यायला हात पुढे केला, एवढा चांगला होता. तेवढ्यात बाईसाहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. आज पाळी तुझी.

मी विचार केला. सूप परत पाठवलं तर कोणाला तरी पुन्हा करावं लागणार. मुख्य जेवण पाठवलं तर मोठा बभ्रा होणार. पाव काय, नुसता जेवणाआधी चघळायला ठेवलेला. त्याला कोण वाली आहे? मी वेटरला बोलावलं आणि म्हणाले, "साल करपली आहे याची. आणि आत ओलसर राहिलाय." वेटरनं एकदा पावाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि टोपली उचलली. बाईसाहेब खूश. "आज कसं अगदी पटण्यासारखं बोललीस." पटण्यासारखं बोलणारच. पावाला नावं ठेवायला मला दुसरे शब्द येतच नव्हते. इतकी वर्षं जांभया देत भट्टीकडून ऐकलेले, तेच वापरले.

टोपली खिडकीत गेली. मालकानं कापड उलगडलं, उरलेला पाव हातात घेतला आणि मागे वळून कोणाशी तरी बोलला. ते कोणीतरी खिडकीशी आलं. डोक्याला पांढरी टोपी, अंगाला पिठानं माखलेला एप्रन, रुंद खांदे. तिनं पाव बघितला आणि मग सरळ आमच्या टेबलाकडे बघितलं.

"अगं बाई, ही तर आपली भट्टी," होयबा म्हणाली. मी उठायला लागले तर बाईसाहेबांनी माझं मनगट धरलं. "बस खाली. आता आत गेलीस तर आपली सगळ्यांची शोभा होईल." होयबा म्हणाली, "होईलच." मी हात सोडवून घेतला आणि आत गेले. आयुष्यात बाईसाहेबांचा हात मी तेवढा एकदाच सोडवला, तोही उशिरा.

आत विटांच्या भट्टीची धग होती. मी मालकाला सगळं सांगितलं. पाव उत्तम होता, मी खोटं बोलले, आमच्यात अशी एक पद्धत आहे, आज माझी पाळी होती. बोलताना माझं मलाच ते इतकं हलकट वाटत होतं की वर बघवेना. तो माणूस काही वाईट नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही यांच्या मैत्रीण ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मॅडम, आत आल्यावर सगळेच चांगलं बोलतात. म्हणून तर मी ताटं बघतो."

"पण मी खोटं बोलले होते."

"कधी? मघाशी की आत्ता?"

"मघाशी," मी म्हणाले. तो म्हणाला, "नुसतं आवडलं नाही म्हणाला असतात तर मी सोडून दिलं असतं. साल करपली, आत ओलसर राहिला, इतकं नेमकं कोणी उगाच बोलत नाही." आणि तो पुन्हा खिडकीशी जाऊन उभा राहिला, कारण ताटं येतच होती. हॉटेलवाल्याच्या पाहुण्यांची ताटं चाटूनपुसून येत होती.

भट्टी रडली नाही. एप्रनला हात पुसत म्हणाली, "माणसं बोलावलीच पाहिजेत असं काही नव्हतं. पण म्हटलं, या महिन्यात तुझी पाळी आहे. तू चमचा पाठवतेस. बाईसाहेबांची असती तर बोलावलं नसतं."

मी तिला नव्या नियमाचं सांगितलं. तिनं मान हलवली. मग टोपलीतला पाव घेतला, पालथा करून बोटानं वाजवला, कान लावून ऐकलं आणि पुन्हा वाजवला.

"साल खरंच करपलीय का गं?" तिनं विचारलं.

"नाही गं. अजिबात नाही. तूच सांगायचीस ना, तेच शब्द मी बोलले."

"आणि ओलसर?"

"नाही म्हटलं ना."

तिनं एक तुकडा तोडून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली, जिभेनं कुठे काही लागतंय का ते शोधत. मग दुसरा तोडला. "जरासा आहे," ती म्हणाली. "आतल्या बाजूला जरासा ओलसर आहे." तो नव्हता. तीस वर्षांहून जास्त पावात गेलेली बाई माझं ऐकून स्वतःच्या पावात खोट काढत होती, आणि माझ्या तोंडून काहीही निघालं तरी आता उपयोग नव्हता.

हॉटेलवाल्याला घेतलं. भट्टी पुन्हा पिशव्यांच्या तोंडाशी उभी असते. शनिवारी ती येत नाही. तिच्या खुर्चीवर बाईसाहेबांची नणंद बसते, ती परत पाठवण्यात तयार आहे, एका दमात सूपही पाठवते आणि गोडही. मी अजून जाते. का जाते ते मला विचारू नका, उत्तर ऐकून तुम्हीही नाक मुरडाल.

परवा भट्टीचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "एक विचारायचं राहिलं. मीठ कमी होतं का?" मी म्हटलं, काही कमी नव्हतं, इतका चांगला पाव मी कुठेच खाल्लेला नाही. ती म्हणाली, "हो, ते झालंच. पण खरं सांग ना." मी खरंच सांगत होते, शपथेवर सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि मिठाचं पुन्हा विचारलं.