माळ्यावरचा आंबेमोहोर

जनावराच्या मनातलं आमच्या हिच्या आत्यांइतकं ओळखणारं माणूस अख्ख्या भोर-वेल्ह्यात दुसरं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. वरव्याला त्यांच्या स्वयंपाकघरात एकदा भलीमोठी धामण शिरली. मी ओट्यावर चढलो. आत्यांनी मागचं दार सताड उघडलं आणि अंगणात बसून शांतपणे शेंगा सोलायला घेतल्या. "त्यांना वाट दिसली की जातील. तुमी वराडू नका, भ्यायल्यात त्या." पाच मिनिटांत धामण निघून गेली, मला खाली उतरवायला मात्र दोघं जण लागले. सगळ्या जनावरांना त्या अहो-जाहो करतात. पण माणसांनी त्यांना लाडावलेलं खपत नाही. मी हौसेनं वानरांना केळी घातली, तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, पाव्हणचार तुमी करायचा आन् कौलं आमची फुटायची व्हय?"

गेल्या वर्षी शिवऱ्याच्या आमच्या घरात आंबेमोहोराचा घमघमाट सुटला. आठ दिवस मी ताटावर बसून हिच्या भाताचं कौतुक करत होतो. नवव्या दिवशी ही म्हणाली, "अहो, रेशनचा तांदूळ आहे तो. वास माळ्यावरनं येतोय."

वर उदमांजर राहायला आलं होतं. त्याच्या अंगाला तसाच वास येतो, हे भाताच्या मुलखात जन्म काढून मला ठाऊक नव्हतं! एका संध्याकाळी ते बाहेर पडलेलं पाहिलं, लगेच शिडी लावून वळचणीच्या भोकावर पत्रा ठोकला आणि आत्यांना फोन केला, "न मारता, न पकडता घालवलं बघा!"

आत्यांनी विचारलं, "आत पिल्लं बघितली व्हती का?"

नव्हती बघितली.

सकाळी दुधाच्या टेम्पोतून आत्या उतरल्या. माळ्याच्या फळीला कान लावला. "तीन हाईत. एकाचा आवाज लई बारीक झालाय." पत्रा त्यांनी स्वतः उचकटला आणि आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं. "आज घर त्यांचं. चूल न्हाई, बोलणं न्हाई." दिवसभर आई फिरकली नाही. माळ्यावरची कुईकुई विरत चालली, तसा मी अंगणात लहान लहान होत गेलो.

"येतील ना हो त्या?" मी कुजबुजलो.

"तुमच्यावानी येंधळ्या न्हाईत. पोरं कुठं ठिवलीत, ध्यानात हाय त्यांच्या."

दिवेलागणीला आंब्याच्या फांदीवरून ती आली. एक पिल्लू मानेला धरून नेलं. मग दुसरं. तिसऱ्याच्या वेळी ती आत गेली ती बाहेरच येईना. आत्यांनी पदर तोंडाशी धरला होता. शेवटी ती आली. तोंडातलं पिल्लू चिंधीसारखं लोंबत होतं. फांदीवर पोचल्यावर त्यानं एक पाय झाडला.

"जावा बाई, सावकाश," आत्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात हातोडी दिली.

शिडीवर चढून मी भोकात हात घातला. गोणपाटात पिल्लांनी केलेली खळगी अजून कोमट होती. पहिला खिळा मारायला मला फार वेळ लागला. खाली आत्या शिडी धरून उभ्या राहिल्या.