न विचारलेलं झाड

झाडावर चढण्याआधी धर्मा झाडाला विचारायचा.

कोयत्याची पाठ खोडावर तीनदा हाणायची आणि कान लावायचा. निकोप माड टणक बोलतो. आतून भुंग्याने पोखरलेला भद्द करतो. भद्द आवाज आला की धर्मा दोरी खांद्यावर टाकून पुढच्या झाडाकडे वळायचा. मग मालकाने कितीही आर्जवं केली तरी त्या झाडाला हात लावायचा नाही.

दिवेआगरच्या वाड्यांमध्ये तो चौतीस वर्षं नारळ पाडत होता. पावलांवर काथ्याच्या दोरीचे घट्टे, खोड घासून काळवंडलेली छाती. लग्नात सदरा घालून गेला की याला कुणी ओळखत नाही, अशी त्याची बायको सगुणा त्याची टर उडवायची. वीस सालच्या वादळात निम्म्या वाड्या आडव्या झाल्या. ज्यांची झाडं वाचली ते देवाला नारळ फोडत होते. धर्मा म्हणायचा, "उभं हाय म्हंजे धड हाय असं न्हाय." वाऱ्याने खोडं पिळली होती. चिरांमधून भुंगा आत शिरला होता. तेव्हापासून तो तीनऐवजी पाच ठोके देऊ लागला.

अल्पेशला हे सगळं ठाऊक होतं. तो मराठी घेऊन बीए झाला होता, नोकरी नव्हती, आणि धर्मा त्याचा मित्र होता. वयात सत्तावीस वर्षांचं अंतर. धर्मा त्याला 'बीए' म्हणूनच हाक मारायचा.

या जानेवारीत गावातल्या बाबाजींच्या माडांच्या वाडीत तीन दिवसांचा संगीत महोत्सव ठरला. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. माईक नाही, माडांच्या सावलीत दीडशे खुर्च्या. मुंबईच्या विनिताताई सगळं जमवत होत्या आणि स्थानिक कामं अल्पेशकडे होती. काम नीट झालं तर मुंबईच्या ऑफिसात जागा आहे, असं त्या बोलल्या होत्या. खुर्च्यांवर नारळ पडू नयेत म्हणून वरचे सगळे उतरवायचे होते. ते काम अल्पेशने धर्माला दिलं.

"चार मानसं, आन् यक पन गात न्हाय?" धर्माने विचारलं.

"नुसतं वाजवतात, धर्मादा."

"मंग लोकं कशाला येनार? ढोल तरी ठेवा रं एखादा."

दोन दिवसांत पस्तीस झाडं झाली. तिसऱ्या दिवशी पाच उरली होती, मंचाच्या अगदी मागची. सकाळी दहाला वादक सरावाला बसले. आधी अडीचशे वर्षांपूर्वीची एक रचना वाजली. धर्माने तीही झाडाला कान लावावा तशी मान वाकडी करून ऐकली. मग गेल्या वर्षी लिहिलेली नवी रचना सुरू झाली. तिच्यात वाजण्यापेक्षा थांबणं जास्त होतं. एक सूर, मग कितीतरी वेळ काहीच नाही. अशाच एका थांबण्यात धर्माने खोडावर कोयता हाणला.

विनिताताई चवड्यांवर धावत आल्या. "अल्पेश, प्लीज, रेकॉर्डिंग चालू आहे. नारळ दोरीने सोडायला सांग. आणि ते ठोकणं बंद कर."

अल्पेशने जाऊन सांगितलं.

"ठोकायचं न्हाय?" धर्मा त्याच्याकडे बघत राहिला. "मंग दुपारी यकला येतो. ह्यांचं होऊ दे."

"एकला खुर्च्या मांडायच्यात रे. आत्ताच उरक ना. सगळी तुझ्या ओळखीचीच तर झाडं आहेत."

धर्मा हसला. "व्हय रं बीए. ओळखीची हायत."

त्याने खोडावर नुसता तळवा ठेवला आणि चढला. पहिलं झालं. दुसरं झालं. नारळांच्या पेंडी दोरीवरून बिनबोभाट खाली आल्या. विनिताताईंनी लांबून अंगठा दाखवला. अल्पेशला बरं वाटलं.

तिसरं झाड वरच्या तिसऱ्या हिश्शात मोडलं. धर्मासकट.

धर्मा ओरडला नाही. चेलोवाल्याचा गज हवेतच होता. त्या जागी कागदावर शांतताच लिहिलेली होती.

जीपमध्ये धर्माचं डोकं अल्पेशच्या मांडीवर होतं. श्रीवर्धन यायच्या आधीच त्याचा श्वास थांबला.

महोत्सव रद्द झाला नाही. बोर्लीतल्या एका सभागृहात हलवला. सुरुवातीला सगळे दोन मिनिटं उभे राहिले. अल्पेश तिथे गेला नाही.

गावात बोलणं सुरू झालं. धर्मा हल्ली बेफिकीर झाला होता. वय झालं होतं. कुणी म्हणालं, सकाळीच घेतली असेल. अल्पेशने हे नाक्यावर ऐकलं, पिठाच्या गिरणीत ऐकलं. तो काही बोलला नाही. बाराव्यापर्यंत बोलला नाही.

चौदाव्या दिवशी सगुणा धर्माचा कोयता न्यायला बाबाजींकडे आली. अल्पेश तिच्यासोबत होता. कोयता पडवीत खुंटीला होता. बाबाजींनी तो काढून दिला. म्हणाले, "सोन्यासारखा माणूस गं. पण न ठोकता चढला. एवढा जुना गडी, असा कसा चुकला?"

सगुणाही तेच विचारत होती. तेराही दिवस, येईल त्याला. न ठोकता चढलाच कसा?

"तो चुकला नाही," अल्पेश म्हणाला. "तो दुपारी एकला येतो म्हणत होता. मी थांबू दिलं नाही. ठोकू नको असं मी सांगितलं, वहिनी."

बाबाजी खाली बसले. सगुणा पडवी उतरली. वाडीत चालत गेली, मागोमाग ते दोघे. मोडलेल्या खोडाशेजारी दोन माड उरले होते, नारळांनी लगडलेले. तिने कोयता अल्पेशच्या हातात दिला.

"ठोक."

त्याने पहिल्यावर पाच ठोके दिले. दुसऱ्यावर पाच. कान लावला. धर्माने त्याला कितीदा शिकवलं होतं. तेव्हा तो हसण्यावारी न्यायचा.

"काय बोलली झाडं?"

अल्पेशने पुन्हा ठोकलं. दोन्ही सारखीच वाटत होती.

"मला कळत नाही, वहिनी."

"त्याला कळायचं," सगुणा म्हणाली. अल्पेशला नाही, बाबाजींना. "आईकलंत न्हवं? आता नाक्यावर पन सांगा."

तिने कोयता परत घेतला, पदरात गुंडाळला आणि फाटकाकडे निघाली. अल्पेशला चल म्हणाली नाही.