आई घरी गेली

नजमा सिस्टर संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत कामाला होती. हात हलका, तोंड जरा कडक, असं तिच्याबद्दल बायका म्हणत. एका खोलीत चार-पाच बायका कळा देत असायच्या आणि सिस्टर दोघीच. नातेवाइकांना आत सोडायचं नाही, हा नियम काही तिनं केलेला नव्हता, पण पाळायची मात्र तीच.

एखादी पहिलटकरीण "आई, आई" करून फारच ओरडायला लागली, की नजमा ठरलेलं एक वाक्य बोलायची.

"आई घरी गेली तुझी. कुणाला हाका मारतीस? जोर लाव."

पोरगी गप्प व्हायची. काम पुढं सरकायचं. ते खोटं आहे असं नजमाला कधी वाटलंच नाही. ती त्याला युक्ती समजायची.

मग नवा आदेश आला आणि सगळ्या सिस्टरांना प्रशिक्षणाला बसवलं. शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, देशोदेशीच्या हजारो बाळंतपणांचा अभ्यास झालाय. कळा देताना ज्या बाईजवळ कुणी सतत थांबतं, तिचं बाळंतपण लवकर उरकतं, सिझर कमी लागतं, आणि नंतर त्या दिवसाची कडू आठवणही कमी राहते. तेव्हा यापुढं एक बाई सोबत थांबेल.

"पाय ठेवायला जागा नाय, आन् आता आयांनाबी घ्या," शेजारची सिस्टर पुटपुटली. नजमा हसली. पण ती कडू आठवणीची गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना.

काही महिन्यांनी वेरूळकडच्या एका गावाहून साळूबाई सुनेला घेऊन आली. सुनेला आत नेलं, तशी साळूबाई दाराबाहेर फरशीवर बसली.

"मावशी, आत या की," नजमा म्हणाली.

"नगं सिस्टर. हितला कायदा ठावं हाय मला."

"कायदा बदललाय आता."

साळूबाईनं वर पाहिलं. "कधी बदलला?"

नजमानं तिला हाताला धरून उठवलं. साळूबाई सुनेची कंबर चोळत, तिला पाणी पाजत उभी राहिली. दुपारी मुलगा झाला. सून बाळाला पाजत असताना साळूबाई नजमाला म्हणाली, "माझी लेक आशा हितंच बाळंत झाली व्हती. लई वरडली. मी दाराला हात लावून हुबी व्हते, पाणी प्यायलाबी हालले नाय. पर तिला वाटतं, मी तिला टाकून घरी गेले."

"असं कसं वाटलं तिला?"

"आतल्या सिस्टरनं सांगितलं म्हणं. पंचमीला येत नाय, दिवाळीला येत नाय. दुसरं लेकरू होऊ दिलं नाय तिनं. मी खरं सांगते, तर म्हणती, आता कशाला सावरतीस? माझंच चुकलं बाई. दार ढकलून जायला पायजे व्हतं."

नजमानं आशाचा चेहरा आठवून पाहिला. आठवला नाही. असे चेहरे किती होते! वाक्य मात्र लख्ख आठवत होतं.

घरी तिनं नवऱ्याला, कमरोद्दीनला सांगितलं. तो म्हणाला, "तू अकेलीच थी क्या उधर? दूसरी कोई बोली होंगी."

"वोच तो," नजमा म्हणाली. "मेरेकू यादच नै."

सुट्टीच्या दिवशी साळूबाईकडून घेतलेल्या पत्त्यावर ती गारखेड्यात गेली. आशाबाईनं दार उघडलं, पाणी दिलं. नजमानं आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं आणि ते वाक्यही सांगितलं. आशाबाईचा चेहरा उतरला.

"तिथं म्हणायच्या तसंच म्हणून दाखवा."

नजमाला ते म्हणवेना. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "आई घरी गेली तुझी. कुणाला हाका मारतीस? जोर लाव."

"तुमीच," आशाबाई म्हणाली. तिनं पेला उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, "आन् आई? खरंच दाराशी व्हती?"

"त्या दारातून मी रोज ये-जा करायचे, ताई. आत पोरगी असताना घरी गेलेली आई मी पाहिलीच नाही."

आशाबाई म्हणाली, "इतकी वर्षं मी तिच्या हातचं जेवले नाय."

"मला माफ करा."

"तुमी जावा आता. मला आईला फोन लावायचाय."

पंचमी झाल्यावर साळूबाई नातवाला लस द्यायला घेऊन आली. आशा आठवडाभर माहेरी राहिली, म्हणून सांगत होती. तिनं नजमासाठी डब्यात पुरणाची दिंडं आणली होती. "पोरीनं सांगितलं, दवाखान्यातली कुणी बाई येऊन बोलली म्हणून. नाव नाय सांगितलं तिनं. मी वळखलं, तुमीच आसणार. लई पुण्य लागंल तुमाला."

आशाबाईनं अर्धंच सांगितलं होतं. नजमाला गप्प राहता आलं असतं.

"मावशी, आशाला खोटं सांगणारी सिस्टर मीच होते."

डब्यावरचा हात साळूबाईनं काढून घेतला. नातवाची कुंची उगीचच सारखी केली, त्याला छातीशी धरलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. लस टोचून झाल्यावर ती दुसऱ्या दारानं गेली. डबा तिथंच राहिला होता. नजमा तो घेऊन फाटकापर्यंत धावली, पण साळूबाई रिक्षात बसून निघून गेली होती.