टमाट्याचा घट

रोपं कशी वाढवतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घरात काही उगवताना मी बघितलं होतं ते फक्त नवरात्रात. पत्रावळीवर रानातली माती, तीत गहू-ज्वारी, मधे घट, आणि सगळं देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. अंधारात धान लांब आणि पिवळंधमक येतं. जितकं लांब, तितकी देवी प्रसन्न. त्यामुळे घटस्थापनेच्या दिवशी गावातल्या बायकांच्या सोसायटीनं टमाट्याचं बी लावलेला काळा ट्रे दिला, तेव्हा मी तो कुठे ठेवला, हे आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागणार नाही. घटाला लावून ठेवला.

आमचं गाव केज तालुक्यातलं. त्या साली पोळ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. बाहेर काही लावलं तर अर्धं ऊन जाळायचं आणि अर्धं शेळ्या खायच्या. गावातल्या बायकांनी सहकारी सोसायटी काढून, ज्या एका बोअरला पाणी उरलं होतं तिथे हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं होतं. नव्या बाईला आधी एक ट्रे मिळायचा. घरात रोपं जगवून दाखवली, की हंगामभर शेडनेटवर काम. मला ते काम हवं होतं. त्यासाठी मी कुणाचाही गळा धरला असता.

कारण दुसरा रस्ता उसाच्या फडाचा होता. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम टोळीत घ्यायला तयार नसतो. जवळचा सहकारी कारखाना उसावाचून बंद पडला होता, म्हणून दिवाळीच्या तोंडावर लांब जायचं. आदल्या हंगामात फडाच्या कडेला निजवलेल्या माझ्या लेकीच्या अंगावर ट्रॅक्टरचं चाक आलं. मी तिला तंगडीला धरून ओढलं. तिची गोधडी चाकाखाली गेली. नवरा म्हणाला, "वाचली न्हवं? मग कावून बोंबलतीस?" त्या दिवसापासून माझ्या मनात त्याला 'अहो' राहिलं नाही. लेकीला पुन्हा फडात नेणार नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

टँकर आला की माणसांची जनावरं व्हायची. केस धरणं, हांड्यानं ठोकणं, शिव्यांना तर गणतीच नाही. एकीनं माझ्या भुवईवर कळशी हाणली, मी तिच्या मनगटाला कडकडून चावले, आणि मग दोघींनी आपापलं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच मी विरजण मागून आणलं, तिनंही दिलं. अशा पाण्यातलं वाटीभर मी रोज बोटांनी ट्रेवर शिंपायचे.

आणि बी उगवलं! सरसर वर आलं, लांब, पिवळसर, अगदी घटासारखं. मी वेडी झाले आनंदानं. सासूनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, ट्रेला हळदी-कुंकू वाहिलं. शेजारणी येऊन पाया पडून गेल्या. पारावरून आलेला नवराही टोपी काढून वाकला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

अष्टमीला सोसायटीच्या चेअरमनबाई बघायला आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं येडे, घट बसवलास का टमाट्याचा? ही वाढ न्हाई, ही उजेडासाठीची तडफड हाय! बाहेर काढ आत्ताच्या आत्ता. खिडकीत ठेव, आन् एकेकाला मानेपर्यंत मातीत गाड. टमाट्याच्या देठाला मुळ्या फुटत्यात, जगतील."

माझा जीव भांड्यात पडला. पण आत्याबाई आडव्या आल्या. "घटापाशी बसवलेलं दसऱ्याआधी हलत न्हाई." चेअरमनबाई बडबडत निघून गेल्या. मी दात-ओठ खात ट्रे तिथेच राहू दिला.

ही गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? हॉटेलात नवऱ्याला पोरांनी धरलं. "काय बे, टमाट्याला दंडवत घातला म्हणं? आता चटणीची आरती कवा हाय?" तो दिवेलागणीला घरी आला तोच पेटून. आल्या आल्या माझ्या कानाखाली दिली. मी भिंतीवर आदळले. मग त्यानं देवघराच्या कोपऱ्यात लाथ घातली. ट्रेचा एक कोपरा फुटला, त्या बाजूची रोपं चिरडली.

याआधी आत्याबाईंच्या देखत मी कितीदा तरी मार खाल्ला होता. त्या खाली मान घालून ज्वारी निवडत बसायच्या. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी चुलीपुढची लोखंडी फुंकणी उचलली आणि पोराच्या नडगीवर अशी हाणली, की तो मटकन खाली बसला.

"मुडद्या, घटाला लाथ मारतोस?"

तो उठला आणि त्यानं आईवर हात उगारला. मग माझं मला कळलं नाही. आढ्याला खोचलेला कोयता माझ्या हातात होता. "हात खाली घे," मी म्हणाले, "न्हाईतर कांडं पाडते." मी खरंच पाडली असती. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लंगडत बाहेर गेला. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याला घट उठले. उरलेली रोपं मी मानेपर्यंत गाडली आणि खिडकीत ठेवली. आठवडाभर ती माना टाकून पडली होती, मग एकेक करून हिरवी होऊन उभी राहिली. चेअरमनबाईंनी एक रोप उपटून मुळ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "ये उद्यापासून."

दिवाळीआधी मुकादमाचा ट्रॅक्टर गावात आला. त्या संध्याकाळनंतर नवऱ्यानं मला बोट लावलं नव्हतं, पण कुठे मारलं की लागतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. त्यानं अंगणात खेळणारी लेक उचलली आणि ट्रॉलीत टाकली. "पोरगी चालली. तुला यायचं तर ये." पोरगी किंचाळायला लागली. मी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला लोंबकळले, त्यानं वर चढून माझ्या बोटांवर चपलेचा पाय दिला.

तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या. काखेत गाठोडं. त्यांनी पोराचा पाय बाजूला ढकलला, नातीला खाली ओढून माझ्या कडेवर दिलं आणि स्वतः चाकावर पाय देऊन वर चढायला लागल्या.

मुकादम हसला. "म्हातारे, मोळी उचलंल का तुला?"

त्या चढतच राहिल्या. मी त्यांच्या लुगड्याचा सोगा धरला. "आत्याबाई, ह्या वयात फडात मरून जाल!" मला रडू फुटलं होतं, त्यांच्यासाठी, आणि मी सुटले म्हणूनही.

त्यांनी सोगा माझ्या मुठीतून सोडवून घेतला.

"ह्याला जल्म म्या दिला," त्या म्हणाल्या. "तू कावून भोगतीस?"