आतून उघडणारं दार

विषाणू पेशीत कसा शिरतो हे ज्याने ऐकलेलं नाही, असा माणूस सापगावात एक तर तान्हा असेल, नाहीतर ठार बहिरा. हे कर्तृत्व आमच्या चुलत सासऱ्यांचं, म्हणजे बायकोच्या काकांचं. जन्मभर मुरबाडकडे शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत. गिरणीत, साखरपुड्यात, मयताला, जिथे माणसाला पळता येत नाही तिथे काका त्याला गाठत. "विषाणूला हात नाय, पाय नाय. तो नुसता बाहेर चिकटतो. पण पेशीच्या अंगावरची खूण त्याला बरोबर सापडते. मग आत निरोप जातो, पेशीचा धाग्यांचा सांगाडा सरकून वाट करतो, आणि पेशीच त्याला पोटात घेते." पुतणीच्या हळदीला त्यांनी मांडवाचे दोर सोडून हा सांगाडा प्रत्यक्ष सरकवून दाखवला. मांडव पाहुण्यांवर बसला, आणि काका ताडपत्रीखालून "बघा, घेतलं का नाय आत" म्हणत होते. मला तर सांगाडा आला की हटकून शहापूरला काम निघायचं.

हल्ली आमच्याकडे जमिनीच्या दलालांचा सुळसुळाट झालाय. काकांच्या लेखी ते सगळे विषाणूच. काकांच्या घरात ओढ्याकाठचं भाताचं एकच खाचर उरलेलं. काकूंचा सगळा जीव त्यात, लावणीला अजून स्वतः उतरायच्या. म्हणून फाटकावर काकांचा खडा पहारा. एक दलाल कुलदैवताचं नाव घेत आला, तो रस्त्यावरूनच परत गेला. दुसऱ्याने मामा म्हणून नातं काढलं, त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही.

मग दिवाळीनंतर एक तिसरा आला. त्याने जमिनीचा विषयच काढला नाही. फाटकाबाहेरून अदबीने विचारलं, "सर, तो सांगाडा सरकतो, तो नेमका कसा?"

काकांनी स्वतः कडी काढली. तीन चहा झाले. पठ्ठ्याने वहीत आकृती उतरवून घेतली, आठवडाभर रोज आला, शंका विचारल्या. शेवटी काकाच त्याला बांधावरून खाचर दाखवायला घेऊन गेले. महिन्याभरात खाचराच्या विक्रीवर सह्या झाल्या. काकूंनी काकांशी बोलणं टाकलं.

मी तावातावाने जाब विचारायला गेलो. काका ओट्यावर एकटेच बसले होते.

"जावई, तो लबाड आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "पण आजवर शेवटपर्यंत कोणी ऐकलंच नव्हतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली, खरं सांगतो. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "काका, विषाणू आत गेल्यावर पुढे काय होतं?"

काका माझ्यापासून जरा सरकून बसले. मग हळूच म्हणाले, "तुमाला काय पायजे?"