मेमरी लीकचे जाणकार

बी.ए.ला इतिहास घेऊन पास झाल्यावर देविदास राठोड वसमतच्या बसस्टँडमागच्या नेटकॅफेत ऑपरेटर म्हणून लागला. साल २००६. वर्षभरात मालकाच्या परवानगीनं तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर त्यानं एका ऑनलाइन गेमचा स्वतःचा सर्व्हर सुरू केला. प्रोग्राम दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, आयता उतरवून घेतलेला. देविदासची त्यात भर एवढीच, की राक्षसांच्या किल्ल्याला त्यानं जवळच्याच गावाचं, जवळा बाजारचं, नाव ठेवलं.

असे सर्व्हर चालवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक फोरम होता. जो जितक्या ठामपणे एखादा इंग्रजी शब्द वापरील, तितका तो त्यातला जाणकार, हा तिथला रिवाज. देविदासच्या वाट्याला 'मेमरी लीक' आला. प्रोग्राम वापरून झालेली मेमरी सोडत नाही आणि मशीन तुंबत जातं, असा त्याचा खरा अर्थ. तो देविदासला ठाऊक नव्हता. कुणाची तलवार गायब झाली, की तो लिहायचा, "मेमरी लीक आहे. दर तीन तासांनी रिस्टार्ट करा." एवढ्यावर तो मॉडरेटर, म्हणजे फोरमवर कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं ते ठरवणारा झाला, देविदास सर झाला.

अडचण अशी, की तलवारी रिस्टार्टमुळेच जायच्या. त्या गेल्या, की लोक दर दोन तासांनी रिस्टार्ट करू लागायचे.

शेजारचा मेडिकलवाला सुदाम दुपारी गिऱ्हाईक नसलं की खेळायला यायचा.

"देविदास, आमची ढाल पुन्हा गेली की रे. काहून जाऊन राहिली?"

"लीक आहे."

"काल बी लीकच व्हता."

"आज वाढलाय."

"मग नळवाल्याला बोलावू का?" मालक विजयकुमार पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

देविदास हसला नाही. रविवारी सकाळी अकराला त्याच्या सर्व्हरवर पहिली स्पर्धा होती. दोनशे जणांनी नावं दिली होती. त्याच्याच नियमानं दोन फेऱ्यांच्या मध्ये रिस्टार्ट. तेव्हा सगळ्यांची कमाई गेली, तर सर्व्हरही संपला आणि सरही. कुणाला तरी विचारायला हवं होतं. विचारायची जागा एकच होती, आणि तिथं या विषयाचा जाणकार तोच होता.

शुक्रवारी त्यानं 'आरोही' नावानं नवं खातं उघडलं आणि विचारलं, "रिस्टार्ट केल्यावर खेळाडूंचं सामान जातं, ते खरंच लीकमुळे का?" अर्ध्या तासात अकरा उत्तरं आली. अकराही त्याच्याच वाक्यांत, दोन तर त्याच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. "ताई, आधी देविदास सरांचं वाचा," असंही एकानं सुनावलं.

बारावं उत्तर ग्यानबा नावाच्या कुणाचं होतं. "लीकचा इथं काही संबंध नाही. तुमचा सर्व्हर बंद होण्याआधी माहिती डिस्कवर लिहीतच नाही. प्रोग्राममध्ये या तीन ओळी टाका."

देविदासनं टाकल्या. रिस्टार्ट केला. सुदामची ढाल जागेवर होती.

"व्हय रे, राहिली की!" सुदाम ओरडला. "काय केलंस?"

"लीक बुजवला," देविदासच्या तोंडून सवयीनं गेलं.

फोरमवर मात्र तोवर पेटलं होतं. कालचा आलेला माणूस सरांना खोटं पाडतो म्हणजे काय? शनिवारी दुपारपर्यंत चाळीस जणांची एकच मागणी: याला काढा. देविदासनं "ग्यानबाचं बराबर आहे" एवढं टाइप केलं, दोनदा वाचलं, आणि एकेक अक्षर मागून पुसत आला. बराबर आहे म्हटलं, तर वर्षभर काय सांगत होतात, हे कुणीतरी विचारणारच. त्यानं ग्यानबाचं खातं बंद केलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं: चुकीची तांत्रिक माहिती.

स्पर्धा झकास झाली. तीन ओळी 'मेमरी लीकवर रामबाण उपाय' म्हणून त्यानं फोरमवर टाकल्या. लोकांनी हात जोडले.

सोमवारी सर्व्हर भलत्याच कारणानं अडकला. देविदास आरोही झाला आणि ग्यानबाला खासगी निरोप लिहिला, "दादा, अजून एक विचारायचं होतं." पाठवल्यावर पडद्यावर उत्तर उमटलं: हे खाते बंद आहे. अधिक माहितीसाठी मॉडरेटर देविदास सर यांना विचारावे.